तीस मिलिलिटरचा हिशेब

डोळ्यामागची गाठ काढून सर्जन ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, सगळी निघाली ना?’ मानेतल्या, पोटातल्या किंवा स्तनातल्या गाठीबद्दल हा प्रश्न बहुतेक वेळा रास्त असतो. डोळ्याच्या खोबणीत मात्र ‘हो’ म्हणजे बरे झाले आणि ‘नाही’ म्हणजे वाईट झाले, असा सरळ अर्थ लावता येत नाही. काही गाठी अखंड निघाल्या नाहीत तर पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा डोके वर काढतात. काहींचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेऊन बाकीची गाठ जागच्या जागी ठेवणे हीच उत्तम शस्त्रक्रिया असते. काहींना हात लावला तर गाठ जाईल, पण तिच्याबरोबर नजरही जाईल. आणि काही गाठी अशा, की ज्यांच्यावर सुरी चालवण्याचे कारणच औषधांनी संपवले आहे. माझे म्हणणे एवढेच, की या शस्त्रक्रियेत हाताच्या कसबापेक्षा सुरी लावण्याआधीचा निर्णय मोठा. आणि तो निर्णय गाठीच्या आकारावरून करता येत नाही, तिच्या जातीवरून आणि जागेवरून करावा लागतो. ‘एवढी मोठी गाठ आत ठेवायची कशी?’ हा व्यवहारी वाटणारा प्रश्न इथे फसवा ठरतो तो त्यामुळेच.

आधी जागा पाहू. प्रौढ माणसाच्या एका खोबणीत साधारण ३० मिलिलिटर जागा असते, म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे मापाचे टोपण तीनदा भरून ओतावे एवढी. त्यातली सुमारे ७ मिलिलिटर जागा नेत्रगोल अडवतो. उरलेल्या जागेत डोळा फिरवणारे सहा स्नायू, त्यांच्या नसा, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी, मेंदूकडे दृष्टी वाहून नेणारी ऑप्टिक नर्व्ह आणि या सगळ्यांच्या मधल्या फटी बुजवणारी मऊ पिवळी चरबी. आकार आडव्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा : रुंद तोंड चेहऱ्याकडे, निमुळते टोक मागे मेंदूच्या दिशेने, खोली चार ते साडेचार सेंटिमीटर. भिंती सात हाडांच्या मिळून झालेल्या. नाकाकडची भिंत इतकी पातळ, की शरीरशास्त्रज्ञांनी तिच्या लॅटिन नावातच कागद आणला. कानशिलाकडची भिंत मात्र भक्कम. चारही बाजूंनी हाड आणि फक्त पुढे मोकळे, तेव्हा आत काहीही वाढले की डोळा पुढे ढकलला जाणार. निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. नेत्रगोलाच्या मागच्या कडेपासून खोबणीच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे १८ मिलिमीटर, पण तेवढ्या अंतरात ऑप्टिक नर्व्हची लांबी भरते २५ ते ३० मिलिमीटर. ती सैल, किंचित वळणे घेत जाते. म्हणून सावकाश वाढणाऱ्या गाठीने डोळा पाच-सहा मिलिमीटर पुढे आणला, तरी नर्व्ह ताणली जात नाही आणि माणूस पूर्वीसारखा वर्तमानपत्र वाचत राहतो. याउलट नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ झाली, तर डोळा बाहेर आलेला कुणाच्या लक्षातही येत नाही, पण नर्व्ह चिमटली जाऊन नजर मंदावते. मोठी गाठ निरुपद्रवी आणि लहान गाठ घातक, असा उलटा व्यवहार इथे नित्याचा आहे.

या पेटीत शिरायचे कसे, हा प्रश्न सर्जनांनी चारशेहून अधिक वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडवला. १५८३ साली ड्रेस्डेनला छापलेल्या ग्रंथात गेओर्ग बार्टिश या नेत्रवैद्याने रोगग्रस्त डोळा आसपासच्या मांसासह उपटून काढण्याची रीत दिली आहे. भूल देण्याची विद्या त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी आली, हे लक्षात घेतले की पुढचे वर्णन वाचवत नाही. डोळा शाबूत ठेवून मागची गाठ काढता येते, हे दाखवले झुरिकच्या रुडॉल्फ क्रोनलाइनने, १८८० च्या दशकाच्या अखेरीस. कानशिलाकडच्या भिंतीचे हाड त्याने कापून दारासारखे बाजूला वळवले, आतली डर्मॉइड गाठ काढली आणि दार पुन्हा लावून घेतले. पुढे अनेकांनी त्या वाटेत सुधारणा केल्या. त्यांतला एक लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातला हायला स्टॅलर्ड. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवणारा हा धावपटू पुढे डोळ्यातल्या गाठींवर किरणोत्सर्गी चकत्या बसवण्याच्या उपचाराचाही प्रवर्तक झाला. १९४१ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या न्यूरोसर्जनने वरून, कवटी उघडून खोबणीत उतरण्याचा पुरस्कार केला. आज पापणीच्या नैसर्गिक घडीतून, पापणीच्या आतल्या पडद्यातून, नाकपुडीत दुर्बीण घालून त्या कागदी भिंतीतून, अशा कितीतरी वाटा आहेत. कोणती वाट घ्यायची याचा मुख्य नियम एकच : ऑप्टिक नर्व्ह ओलांडायची नाही. गाठ नर्व्हच्या नाकाकडच्या बाजूला असेल तर नाकाकडून जायचे, कानशिलाकडे असेल तर तिकडून. पण नर्व्ह कुठे आणि गाठ कुठे हे आधी दिसले तरच हा नियम पाळता येणार, आणि ते दिसू लागले फार उशिरा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. खोबणीतले मऊ भाग हाडांच्या आडून स्पष्ट दिसणे त्यानंतरचे. तोवर साध्या एक्स-रेवर, बोटांनी डोळा मागे दाबून लागणाऱ्या अटकावावर आणि अनुभवावर भिस्त. आत काय आहे हे कळण्यासाठीच खोबण उघडायची, आणि एकदा उघडली की हाताला लागेल ते काढून यायचे. ‘सगळी निघाली ना?’ हा प्रश्न मला वाटते त्या काळाचा वारसा आहे.

सगळे काढण्याच्या बाजूने सर्वांत जोरकस पुरावा देते ती प्रौढांमध्ये नेहमी आढळणारी कॅव्हर्नस हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची गाठ. (तज्ज्ञ आता तिला खरी गाठ न म्हणता रक्तवाहिन्यांच्या घडणीतला दोष म्हणतात, जुने नाव मात्र सुटता सुटत नाही.) ती कशी निघते हे पाहण्यासारखे आहे. पापणीच्या घडीतून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापुढे दोन-तीन सेंटिमीटरचा छेद जातो. हाडावरचे आवरण खरवडून मागे लोटतात, छोट्या करवतीने कडेच्या हाडाला दोन काप देतात आणि सुटा झालेला तुकडा ओल्या गॉजमध्ये जपून ठेवतात. आतला पडदा चिरला की चरबी लोण्यासारखी फुगून वर येते आणि पुढचे सगळे झाकून टाकते. या शस्त्रक्रियेतला अर्धा वेळ त्या चरबीला बाजूला धरून ठेवण्यातच जातो. वाकवता येणाऱ्या पातळ पट्ट्या आणि ओल्या कापसाच्या चपट्या घड्या लावत लावत सर्जन मागे सरकतो. मधूनच बाहुली मोठी होते का ते बघतो; ती पसरू लागली तर नसांवर दाब येतो आहे असे समजून पट्ट्या सैल करतो. स्नायू ओढला गेला की भूलतज्ज्ञाच्या यंत्रावरची टिकटिक मंदावते, कारण डोळ्यावरचा ताण हृदयाचे ठोके कमी करतो. मग सर्जनने हात थांबवायचा, ठोके पूर्वपदावर येण्याची वाट पाहायची, गरज पडली तर अ‍ॅट्रोपीन द्यायचे. अखेर चरबीच्या आड पिकल्या जांभळाच्या रंगाची गुळगुळीत गाठ दिसते. तिला चिमट्यात धरली तर फुटून रक्त येईल, म्हणून क्रायोप्रोब लावतात : त्याचे अतिथंड टोक गाठीला टेकवले की फ्रीजरमधल्या बर्फाला ओले बोट चिकटावे तशी गाठ त्याला चिकटते, आणि ती हलकेच डोलवत आजूबाजूचे धागे सोडवत अखंड बाहेर काढता येते. ही युक्तीही उसनी आहे. पोलंडच्या तादेउश क्रव्हावित्सने १९६१ मध्ये मोतीबिंदू काढण्यासाठी ती आणली होती. मोतीबिंदूची पद्धत बदलली आणि क्रायोप्रोब खोबणीत कामाला लागला. हाडाचा तुकडा परत बसवला की काम झाले. अशी गाठ पूर्ण निघाली की परत येत नाही. पण ही गाठ इतकी सोशीक निघण्याचे कारण तिला स्वतःचे आवरण आहे आणि ती शेजाऱ्यांत शिरत नाही. तिच्यावरून सगळ्या गाठींचा नियम बांधणे म्हणजे शहाळे फोडायच्या कोयत्याने चिकू सोलायला बसणे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे मुलांमधला रॅब्डोमायोसार्कोमा, खोबणीत सुरू होणारा बालवयातला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. सात-आठ वर्षांच्या मुलाचा डोळा काही दिवसांत, काही आठवड्यांत पुढे येतो. घरच्यांना वाटते चेंडू लागला असेल किंवा संसर्ग झाला असेल. १९६० च्या दशकापर्यंत यावरचा उपाय ठरलेला होता : एक्झेंटरेशन. म्हणजे नेत्रगोल, स्नायू, चरबी आणि पुष्कळदा पापण्यांसकट खोबण हाडापर्यंत रिकामी करणे. यापेक्षा ‘सगळी काढणे’ शक्य नाही. तरीही साधारण तिघांतले एकच मूल जगायचे, कारण डोळा काढायच्या आधीच रोगाच्या पेशी रक्तातून पुढे निघून गेलेल्या असत. मग किरणोपचार आले, व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी, सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे आली, आणि १९७२ पासून अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून या रोगावर क्रमाक्रमाने चाचण्या घेतल्या. आज खोबणीपुरता मर्यादित रोग असलेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात आणि बहुतेकांचा डोळा जागेवर राहतो. सर्जनचे काम तातडीने तुकडा घेऊन निदान पक्के करण्यापुरते उरले आहे. यावर कुणी म्हणेल, मुले वाचली ती औषधांनी. कमी कापल्याने नव्हे. बरोबर आहे. पण मग त्याच न्यायाने हेही मान्य करावे लागते, की खोबण रिकामी करण्याचा त्या रोगाच्या मुळाशी फारसा संबंध नव्हता, आणि जे मूल दगावणार होते तेही डोळा गमावून दगावत होते. किरणोपचार फुकटात पडत नाहीत, हेही सांगायला हवे : मोतीबिंदू होतो, डोळा कोरडा पडतो, त्या बाजूच्या हाडांची वाढ खुंटून मोठेपणी चेहरा किंचित एकांगी दिसतो. तरी त्या चेहऱ्याला दोन डोळे असतात.

प्रौढांतला लिम्फोमा हे दुसरे उदाहरण. प्रौढांच्या खोबणीतल्या कर्करोगांत याचाच क्रमांक वरचा. तो नेत्रगोलाला लिंपल्यासारखा आजूबाजूच्या भागांत पसरतो. खरवडून काढायला गेले तर स्नायू आणि नसाच खरवडल्या जातील. त्याचा तुकडा घ्यायचा, जात ओळखायची, शरीरात आणखी कुठे आहे का ते पाहायचे आणि किरणोपचार किंवा औषधांवर सोपवायचा. ऑप्टिक नर्व्हच्या आवरणातून उगवणारा मेनिंजिओमा त्याहून अवघड. तो प्राणघातक क्वचितच असतो, पण ज्या बारीक रक्तवाहिन्यांवर नर्व्ह जगते त्यांच्यातच त्याची मुळे गुंतलेली असतात. गाठ सोलून काढली की नर्व्हचे रक्त तुटते. एमआरआयवर शस्त्रक्रिया सुरेख दिसते आणि डोळा आंधळा होतो. म्हणून नजर शाबूत असेपर्यंत लक्ष ठेवायचे आणि ती ढळू लागली की नेमक्या जागी, थोड्या थोड्या मात्रेत किरण द्यायचे. तान्ह्या मुलांच्या पापणीत आणि खोबणीत वाढणाऱ्या लालबुंद हिमँजिओमाची कथा तर औषधशास्त्रातल्या सुखद अपघातांपैकी एक आहे. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी कळवले, की हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळांच्या या गाठी अनपेक्षितपणे ओसरल्या. रक्तदाबासाठी घरोघरी माहीत असलेल्या औषधांच्या कुळातले हे जुने, स्वस्त औषध आज या गाठीवरचा पहिला उपाय आहे. आणि ज्याला गाठ समजून माणूस घाबरून येतो तो पुढे आलेला डोळा प्रौढांमध्ये बहुतेक वेळा गाठीचा नसतोच, थायरॉइडच्या विकाराचा असतो. एका रक्ततपासणीवर भागणाऱ्या गोष्टीसाठी कुणी खोबण उघडू नये.

मग तुकडाच का घेऊ नये प्रत्येकाचा? इथे माझ्याच युक्तिवादाला आडवी येणारी गाठ आहे अश्रुग्रंथीचा प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, न दुखता, वर्षानुवर्षे वाढणारी ही साधी, कर्करोग नसलेली गाठ. हिचे आवरण फुटले तर पेशी सांडतात आणि गाठ पुन्हा उगवते, तीही ठिकठिकाणी, कधी कर्करोगाचे रूप घेऊन. फाँट आणि गॅमेल यांनी १९७८ मध्ये मांडलेला हिशेब या विषयातल्या प्रत्येकाला पाठ असतो : आधी तुकडा घेतलेल्या रुग्णांत पाच वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश गाठी परतल्या, अखंड काढलेल्यांत शंभरात सुमारे तीन. म्हणून ही गाठ सुरीने न टोचता, आवरणासकट, आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासह काढायची. ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ या आपल्याकडच्या ठाम समजुतीला इथे एका गाठीपुरता आधार आहे. पण त्याच समजुतीपायी लिम्फोमाचा किंवा सार्कोमाचा तुकडा द्यायला नकार देणारा रुग्ण निदानाचे महिने गमावतो. मग तुकडा न घेता ही गाठ ओळखायची कशी? दुखते का, किती दिवसांपासून आहे आणि सीटीवर हाड कसे दिसते, या तीन गोष्टींवरून. वर्षाहून जुनी, न दुखणारी आणि हाडाला न कुरतडता त्यात गुळगुळीत खळगा पाडणारी असेल तर अखंड काढावी. काही महिन्यांची, दुखणारी, हाड खाणारी असेल तर आधी तुकडा घ्यावा, कारण तो अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असू शकतो. बारीक सुईने नमुना घेणे या अ‍ॅडिनोमातही वाटले होते तितके धोक्याचे नाही, असे अलीकडे काही सर्जन मांडतात. तरीही शक्य तिथे अखंड काढण्याचा नियम त्यांनीही सोडलेला नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. डोळा महत्त्वाचा, पण जिवापेक्षा नाही. नजर वाचवण्याच्या नादात जीव गेला तर? २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडपाठोपाठ आलेल्या काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, हा प्रश्न महाराष्ट्रात घराघरात नेला. तो गाठीचा रोग नव्हता, पण ‘डोळा काढावा लागला’ हे वाक्य त्या वर्षी पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकले. खोबण रिकामी करण्याची वेळ आजही येते : पापणीचा कर्करोग दुर्लक्षित राहून आत उतरला आणि दुसऱ्या उपायांनी आवरेनासा झाला की दुसरा मार्ग उरत नाही. तेव्हा ती शस्त्रक्रिया रद्दबातल झाली, असा माझा दावा नाही. माझा दावा ‘जितके जास्त काढू तितका जीव सुरक्षित’ या तिच्यामागच्या गृहीतकाविरुद्ध आहे. अश्रुग्रंथीच्या अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात ती शस्त्रक्रिया पिढ्यान्‌पिढ्या केली गेली, पण तो रोग नसांच्या आवरणातून सरपटत हाडाच्या पलीकडे गेलेला असतो आणि खोबण रिकामी करूनही आयुष्य वाढते असे ठामपणे दिसले नाही. उलट, भारतात उपचाराला उशिरा येणाऱ्या लहान मुलांतला, डोळ्याबाहेर खोबणीत फुटलेला रेटिनोब्लास्टोमा पाहा. हैदराबादमधल्या डॉक्टरांनी त्यासाठी क्रम उलटा केला : आधी जोरदार केमोथेरपी देऊन खोबणीतला रोग आटवायचा, मग फक्त नेत्रगोल काढायचा, त्यानंतर किरणोपचार आणि पुन्हा केमोथेरपी. डोळा गेला तरी पापण्या राहतात आणि कृत्रिम डोळा बसवता येतो. जीव आणि चेहरा यांत निवड करायलाच हवी, असे तिथे वाटत होते ते पूर्ण खरे नव्हते.

एक आक्षेप पुस्तकांत सापडत नाही, पण आपल्याकडच्या ओपीडीत रोज समोर बसलेला असतो. ‘लक्ष ठेवू, सहा महिन्यांनी या’ हे सांगायला सोपे. नंदुरबारहून मुंबईला यायचे तर मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, सोबत एक माणूस लागतो. सहा महिन्यांनी येणारा रुग्ण तीन वर्षांनी येतो, तोवर नजर गेलेली असते. अशा माणसासाठी एकदाच काय ते काढून टाकणे बरे नव्हे काय? हा आक्षेप मला निम्मा पटतो. नर्व्हपासून दूर असलेली, आवरणातली, वाढत असल्याचा पुरावा असलेली गाठ अशा रुग्णात थोडी आधीच काढावी. युरोपातल्या रुग्णाला लावलेली वाट पाहण्याची मुदत इथे जशीच्या तशी लावू नये. पण नरसाळ्याच्या टोकाशी रुतलेली गाठ गरिबाच्या डोळ्यात अधिक सुरक्षितपणे निघत नाही. शस्त्रक्रियेनंतर रक्त साचून दाब वाढला तर सुमारे दीड तासाच्या आत तो उतरवावा लागतो, नाहीतर दृष्टिपटल कायमचे जाते; म्हणून त्या रात्री ठरावीक वेळाने पापणी उघडून, टॉर्च मारून, उजेड दिसतो का हे विचारत राहावे लागते. ही सोय नसलेल्या ठिकाणी ‘एकदाच काढून टाकू’ हे सर्वांत महाग पडते. लक्ष ठेवणे मात्र स्वस्त करता येते. गाठीची गती मोजण्याचे सर्वांत स्वस्त साधन रुग्णाच्या घरीच असते : लग्नाचा अल्बम, शाळेच्या दाखल्यावरचा फोटो, जुने आधार कार्ड. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतही डावा डोळा तेवढाच पुढे असेल तर घाई नाही. दुसरे साधन हर्टेलचे मापक, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे, विजेशिवाय चालणारे. त्याचे दोन पाय दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या हाडावर टेकवायचे आणि आरशात दिसणाऱ्या पट्टीवर बुबुळ किती मिलिमीटरवर येते ते वाचायचे. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक असला की तो खरा धरतात. कार्डावर तीन आकडे लिहायचे : उजवा डोळा, डावा डोळा आणि मापकाच्या दोन पायांमधले अंतर. तिसरा आकडा लिहायचा राहून गेला तर पहिल्या दोघांची तुलना पुढच्या खेपेला करता येत नाही. म्हणून मापकाचे पाय तेवढ्याच अंतरावर ठेवून आणि शक्यतो त्याच माणसाच्या हातून ते पुन्हा मोजायचे.